तरुण सेंटर, त्याचा दणकट खेळ आणि संघातलं त्याचं मोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात शाळा-क्लबांच्या मैदानांवर सेंटर खेळणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि नव्याने बास्केटबॉल शिकवू लागलेले सर-मॅडम जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. नियम फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) दिले आहेत, कारण आपल्याकडच्या शालेय आणि जिल्हा-राज्य स्पर्धा त्याच नियमांवर चालतात. एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा) नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. सेंटर म्हणजे संघातला सर्वांत उंच मुलगा, एवढंच ना?

नाही. सेंटर म्हणजे रिंगच्या सर्वांत जवळ काम करणारा खेळाडू. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, त्यामुळे उंचीचा फायदा होतोच. पण रिंगखाली गर्दी असते आणि त्या गर्दीत स्वतःची जागा टिकवणं हे सेंटरचं मूळ काम. बचावात तो रिंग राखतो, आक्रमणात सोबत्यांसाठी स्क्रीन लावतो (म्हणजे त्यांच्यामागच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो), पाठ रिंगकडे करून आत बॉल मागतो आणि दोन्ही बाजूंना रिबाउंडसाठी, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल मिळवण्यासाठी, झगडतो. डेनिस रॉडमन ६ फूट ७ इंचांचा होता, म्हणजे एनबीएतल्या आतल्या खेळाडूंमध्ये बुटकाच. तरी १९९१-९२ पासून सलग ७ हंगाम तो रिबाउंडमध्ये पहिला राहिला. सातवीत उंच दिसला म्हणून मुलाला कायमचं रिंगखाली उभं करू नका. का, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. सर म्हणतात "फिजिकल खेळ". म्हणजे धक्काबुक्की करायची का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

नियमांनुसार प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक नळकांड्यात उभा असतो. त्याची पुढची हद्द तळहातांपर्यंत, मागची नितंबांपर्यंत, बाजूची हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. हात पुढे असले तरी ते पावलांच्या आणि गुडघ्यांच्या पुढे जाता कामा नयेत आणि कोपरं दुमडलेली हवीत. हे नळकांडं सरळ वर हवेतही जातं. ती जागा तुम्ही आधी मिळवली असेल तर ती तुमची. समोरचा येऊन आदळला तर तुम्ही हलायची गरज नाही.

दणकट खेळ तो हाच. गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून, पावलं खांद्यांपेक्षा रुंद टाकून जागा धरायची आणि छातीने, मांड्यांनी धक्का सोसायचा. पीएमपीच्या भरलेल्या बसमध्ये दांडा न धरता उभं राहताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की गुडघे आपोआप वाकतात, तेच शरीर पोस्टमध्ये (रिंगजवळ पाठ लावून खेळायच्या जागेत) हवं. हाताने ढकलणं, कोपर काढणं, ढुंगणाने मागच्याला त्याच्या जागेवरून हुसकणं, अंगावर रेलणं हे सगळं फाउल.

धसमुसळा मुलगा उशिरा पोहोचतो आणि मग ताकद लावतो. चांगला सेंटर अर्धा सेकंद आधी पोहोचतो, म्हणून त्याला ताकद कमी लावावी लागते. मी मुलांना हात वापरायला शिकवण्याआधी पाय हलवायला शिकवतो ते यासाठी.

३. बॉक्स आउट नेमका कसा करायचा?

बॉक्स आउट म्हणजे रिबाउंडच्या वेळी आपल्या माणसाला पाठीमागे अडवून धरणं. शॉट सुटला की आधी माणूस शोधायचा, बॉल नंतर. बहुतेक मुलं उलट करतात आणि बॉलकडे बघत उभी राहतात. आपल्या माणसाला दुमडलेल्या हाताचा हलका स्पर्श करा म्हणजे तो कुठे आहे ते कळेल. मग पायावर फिरून पाठ त्याच्याकडे करा, खाली बसा, हात वर आणि उघडे ठेवा. पाठीला तो जाणवत असेल तोपर्यंत सगळं ठीक. जाणवेनासा झाला म्हणजे तो वळसा घालून निघाला.

दुसरी अर्धी गोष्ट अंदाजाची. कोपऱ्यातून मारलेला चुकलेला शॉट बहुधा पलीकडच्या बाजूला जातो आणि लांबून मारलेल्या शॉटचा रिबाउंडही लांब उडतो. म्हणून तीन पॉइंटच्या शॉटवर सेंटरने अगदी रिंगखाली शिरू नये. बॉल त्याच्या डोक्यावरून जातो.

रिबाउंड मिळाला की बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर, पण कोपरं फिरवायची नाहीत. उंच मुलाने बॉल कमरेपर्यंत खाली आणला की छोटा गार्ड (बाहेरून बॉल चालवणारा खेळाडू) तो सहज काढून घेतो.

४. माझ्या मुलाचे मॅचमध्ये जेमतेम चार पॉइंट असतात, तरी सर म्हणतात तो संघाचा कणा आहे. समजूत काढण्यासाठी म्हणतात का?

नाही, सर खरं सांगतायत. सेंटरचं बरंचसं काम स्कोअरशीटवर येतच नाही.

समजा त्याने समोरच्या उंच मुलाला बॉक्स आउट करून अडवलं आणि बॉल तुमच्या गार्डने उचलला. रिबाउंड गार्डच्या नावावर. त्याने स्क्रीन लावला, शूटर मोकळा झाला, बास्केट शूटरच्या नावावर. समोरचा गार्ड आत घुसला, याला बघून थबकला आणि बॉल बाहेर पास केला. हे तर कोणाच्याच नावावर नाही. पण तीनही वेळा फायदा तुमच्या संघाचा झाला. एनबीएने आता स्क्रीनमुळे झालेली बास्केटं आणि बॉक्स आउट वेगळे मोजायला सुरुवात केली आहे.

आक्रमणातल्या रिबाउंडचं मोल तर आणखी जास्त. संघाला शॉटसाठी २४ सेकंद मिळतात. बॉल रिंगला लागून परत आपल्याकडेच आला की घड्याळावर पुन्हा १४ सेकंद लागतात, म्हणजे एकाच चढाईत दुसरी संधी. त्या वेळी समोरचा बचाव विस्कटलेला असतो आणि सोपं बास्केट मिळण्याची शक्यता वाढते. शिवाय समोरचे खेळाडू धावत सुटण्याऐवजी त्याला अडवायला मागे थांबतात, त्यामुळे त्यांचा फास्ट ब्रेकही (झटपट उलट चढाई) मंदावतो.

गॅलरीत बसून एक वही घ्या आणि मुलाच्या पॉइंटऐवजी फक्त एवढं लिहा: त्याच्या माणसाला किती रिबाउंड मिळाले, त्याच्या स्क्रीनवरून किती बास्केटं झाली, तो आत असताना समोरच्यांनी किती शॉट बदलले किंवा सोडले. चारपाच मॅचनंतर त्याच्याशी तुमचं बोलणंच बदलेल. मॅच संपल्यावर "किती पॉइंट केलेस?" हा पहिला प्रश्न असला की तो पुढच्या मॅचला स्क्रीन लावणं सोडून बॉल मागायला लागतो. हे मी फार मुलांच्या बाबतीत बघितलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

५. एनबीएमधल्या कोणाचा खेळ बघून शिकावं?

आमच्या मुलांना मी डेट्रॉइट पिस्टन्सचा जेलन ड्युरेन बघायला सांगतो. २००३ चा जन्म, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) १३ वा, आणि अठराव्या वर्षी तो एनबीएत आला. २०२३-२४ मध्ये त्याच्या संघाने ८२ पैकी फक्त १४ सामने जिंकले आणि त्यात सलग २८ पराभव झाले. पुढच्याच हंगामात ४४ विजय आणि प्लेऑफ. याचं श्रेय एकट्या सेंटरचं नाही. संघाचा मुख्य गार्ड केड कनिंगहॅम मोठा खेळाडू झाला, प्रशिक्षक बदलले, अनुभवी शूटर आले. पण कनिंगहॅमला मोकळीक मिळायची ती ड्युरेनच्या स्क्रीनमुळे, आणि बचाव कनिंगहॅमकडे धावला की ड्युरेन रिंगकडे सुटायचा. त्या हंगामात त्याची सरासरी सामन्याला १० हून अधिक रिबाउंड होती. सुरुवातीला त्याच्या बचावावर टीका व्हायची, हेही मुलांना सांगा. ताकद घेऊन तो आला होता, कुठे उभं राहायचं हे खेळता खेळता शिकत गेला.

उडी कमी असेल तर निकोला योकिच बघा. ड्राफ्टमध्ये ४१ वा, फारसा उडत नाही, तरी २०२१, २०२२ आणि २०२४ चा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू). त्याचे पाय आणि पासिंग बघण्यासारखं आहे. आणि शक्यतो हायलाइट्स बघू नका. त्यात डंक दिसतात, डंकच्या आधीचा स्क्रीन कापलेला असतो.

६. दर मॅचला तिसऱ्या क्वार्टरमध्येच चार फाउल होतात. काय करू?

फिबात पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो (एनबीएत सहाव्या). म्हणून बाकावर बसलेला उत्तम सेंटर संघाच्या काहीच कामाचा नाही, आणि फाउल टाळणं हे शूटिंगइतकंच कसब आहे.

तरुण सेंटरचे निम्मेअधिक फाउल माझ्या पाहण्यात फुकटचे असतात. रिबाउंड हुकल्याच्या रागात पाठीमागून मारलेला हात. रिंगपासून लांब, गार्डच्या ड्रिबलवर मारलेली झडप. समोरचा आधीच पुढे निघून गेला असताना ले-अपवर मारलेली चापट, ज्यात बास्केटही जातं आणि वर एक फ्री थ्रोही. ते दोन पॉइंट सोडून द्या आणि पुढच्या बॉलला हजर राहा.

ब्लॉक करताना हात खाली आणायची सवय मोडा. दोन्ही हात सरळ वर, उडी सरळ वर. आपल्या नळकांड्यात राहून सरळ उडालेल्या बचावपटूवर समोरचा येऊन आदळला तर फाउल बचावपटूचा नाही. शॉट अडला नाही तरी अवघड होतो, तेवढं पुरतं.

रेफरीशी हुज्जत घालून मिळालेला टेक्निकल (गैरवर्तनाचा) फाउलसुद्धा त्या पाचांत मोजला जातो. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की सर बाहेर काढतील. तोंड पाडून बसू नका. शेवटच्या क्वार्टरसाठी तुम्हाला जपलं जातंय.

७. मी उभाच होतो, तरी रेफरीने ब्लॉकिंग दिलं. चार्ज का नाही?

धडकेत चूक बचावपटूची असेल तर ब्लॉकिंग, आक्रमकाची असेल तर चार्ज. तीन गोष्टी तपासा. समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तुम्ही जागा घेतली होती का? तो हवेत उडाल्यानंतर त्याच्या वाटेत आलात का? उडालेल्या खेळाडूच्या वाटेत नंतर शिरलं तर चूक तुमची. आणि तुम्ही रिंगखालच्या १.२५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात होता का? आत घुसून हवेतून आलेल्या खेळाडूवर त्या अर्धवर्तुळात चार्ज मिळत नाही. फक्त सरळ वर उडी मारून शॉट अवघड करणं तिथेही चालतं, ते प्रश्न ६ मध्ये आहेच.

बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर ऐन वेळी उभं राहिलं तरी चालतं. बॉल नसलेल्याला मात्र थांबायला किंवा वळायला जागा सोडावी लागते.

८. स्क्रीन लावला की फाउल मिळतो. चुकतं कुठे?

बहुतेक वेळा स्क्रीन लावणारा हलतो. धडक बसेल असं वाटलं की मुलं खांदा किंवा गुडघा पुढे काढतात. स्क्रीन म्हणजे थांबलेलं शरीर, पाय आपल्या नळकांड्यात, हात छातीशी.

अंतराचा नियमही आहे. स्थिर उभ्या माणसाला तुम्ही दिसत असाल तर अगदी जवळ उभे राहू शकता, फक्त स्पर्श नको. त्याच्या नजरेआड असाल तर त्याला एक पाऊल टाकायला जागा द्या. तो पळत असेल तर एक ते दोन पावलं. आणि गार्डला सांगा, स्क्रीन नीट लागेपर्यंत थांब. गार्डच्या घाईमुळे सेंटरला मिळालेले फाउल मी खूप पाहिले आहेत.

९. तीन सेकंदांची शिट्टी बचावातही लागते का?

फिबात नाही. बचाव करताना पेंटमध्ये (रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात) कितीही वेळ थांबा. एनबीएत मात्र बचावालाही तीन सेकंदांचा नियम आहे, म्हणून टीव्हीवर सेंटर आतबाहेर करताना दिसतो. आक्रमणात मात्र तिथे सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, आणि पेंटच्या रेषा पेंटचाच भाग धरतात. एक पाय रेषेवर ठेवून सुटका होत नाही, दोन्ही पाय बाहेर टेकवावे लागतात.

१०. रिंगवर नाचणारा बॉल मी हाताने उडवला. पॉइंट समोरच्यांना का नाही मिळाले?

कारण फिबात शॉट रिंगला लागला की बॉलला कोणीही हात लावू शकतं. एनबीए बघून मुलं इथे हात आखडतात आणि फुकट पॉइंट देतात. बॉल रिंगच्या वर असताना खाली येत असेल आणि अजून रिंगला लागला नसेल, तेव्हा मात्र हात लावायचा नाही. रिंगला किंवा जाळीला धरून हलवणं, खालून जाळीतून हात घालणं हेही नाही.

११. सेंटरने फ्री थ्रोवर एवढा वेळ का घालवायचा?

कारण दणकट खेळणाऱ्यावरच जास्त फाउल होतात. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या बचावातल्या फाउलला दोन फ्री थ्रो मिळतात. शकील ओनीलसारखा सेंटर कारकिर्दीत फ्री थ्रोमध्ये ५२.७ टक्क्यांवर राहिला आणि समोरचे संघ त्याला मुद्दाम फाउल करायचे. सराव थकलेल्या अवस्थेत करा, कोर्टच्या दोनचार फेऱ्या मारून लगेच दोन शॉट. मॅचमध्ये दम लागलेलाच असतो.

१२. वजनं उचलल्याने उंची खुंटते, असं आजी म्हणतात. खरं आहे का?

नाही. योग्य तंत्राने, जाणकाराच्या देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबत नाही, हे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही मान्य केलं आहे. धोका आहे तो मित्रांशी पैज लावून जड बारबेल उचलण्यात. सुरुवात बैठका, लंजेस, पुशअप्स, प्लँक यांनी करा, म्हणजे शरीराच्याच वजनाने. लटकल्याने उंची वाढते हाही समज खरा नाही.

१३. गुडघ्याच्या खाली टेंगूळ आलंय आणि उडी मारली की दुखतं. खेळू द्यावं का?

भराभर उंची वाढण्याच्या वयात नडगीच्या वरच्या टोकाशी असं दुखणं खूप मुलांना होतं. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला. बहुतेकांचं वाढ पुरी झाली की थांबतं. पण निदान हाडांच्या डॉक्टरांनीच करायचं, आम्ही नाही. दुखण्यानुसार उड्या कमी करायच्या, मांडीच्या स्नायूंचे ताण द्यायचे. आपल्याकडची बरीच कोर्ट उघडी आणि सिमेंटची असल्याने उड्यांचा मार जास्त बसतो. शाळा, क्लब आणि शिबिर अशा तीन ठिकाणी एकाच आठवड्यात खेळणाऱ्या मुलाचे आधी सराव मोजा. पावसाळ्यात ओल्या कोर्टवर पोस्टचा सराव घेऊ नका.

रात्री दिवा लवकर बंद झाला पाहिजे. या वयात ८ ते १० तास झोप लागते. खाण्यात डाळी, उसळी, दूध, अंडी, शेंगदाणे, चालत असेल तर मासे-चिकन. प्रोटीन पावडरीच्या डब्यांपासून दूर राहा. काही सप्लिमेंट्समध्ये बंदी असलेले पदार्थ सापडतात आणि डोपिंगच्या नियमांत "मला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

१४. आठवीत सेंटर होता, आता अकरावीत बाकीचे त्याच्याएवढे झाले. आता काय?

हे नेहमी होतं. काही मुलं लवकर वाढतात आणि लवकर थांबतात. म्हणूनच सोळा वर्षांखालच्या प्रत्येक उंच मुलाला ड्रिबल, पास आणि समोरून शॉट शिकवायलाच हवा. उलटंही घडतं. अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड खेळत होता, मग झपाट्याने वाढून ६ फूट १० इंचांपर्यंत पोहोचला, आणि गार्डचं कसब त्याला मोठ्या शरीरातही उपयोगी पडलं. तुमच्या मुलाने शिकलेला बॉक्स आउट आणि स्क्रीन कुठेही वाया जात नाही. रिबाउंड घेणारा फॉरवर्ड कोणत्याही संघाला हवाच असतो.

१५. मुलीला सेंटर खेळवलं तर फार लागेल का?

नियम तेच, फक्त बॉल ६ नंबरचा. मुलींना अंग चोरायला शिकवलं जातं, तीच सवय कोर्टवर सोडवावी लागते. कसं पडायचं, कसं उतरायचं हे शिकलेल्या मुलीला कमी लागतं. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरण्याचा सराव मुलींसाठी विशेष महत्त्वाचा, कारण गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटला इजा होण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आहे. डब्ल्यूएनबीएतली (अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमधली) एजा विल्सन बघा, चार वेळा एमव्हीपी. आणि भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये आपल्या पुण्याची. ती सेंटर नाही, पण इथल्या मैदानांवरून कुठवर जाता येतं हे मुलींना दाखवायला ते नाव पुरेसं आहे.

१६. यात पुढे काही आहे का? दहावी तोंडावर आहे.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. वरच्या पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रं जपून ठेवा, निकष शाळेतून दर वर्षी तपासा.

एनबीएचं विचाराल तर पंजाबच्या बल्लो के गावातला ७ फूट २ इंचांचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सने निवडला. भारतात जन्मून ड्राफ्ट झालेला तो पहिला. मुख्य एनबीए सामना मात्र त्याला खेळायला मिळाला नाही. २०१७ मध्ये सेंटर अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. वाट अरुंद आहे, हे मुलाला स्पष्ट सांगा आणि अभ्यास चालू ठेवा.

१७. मुलगा खूप उंच, अगदी सडपातळ आहे, हात आणि बोटं विलक्षण लांब आहेत. काही तपासावं का?

हो, एकदा जरूर. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण मार्फन सिंड्रोम नावाच्या जनुकीय विकारात असंच शरीर असतं आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमकुवत होऊ शकते. आयझाया ऑस्टिन या ७ फूट १ इंचाच्या सेंटरला २०१४ च्या ड्राफ्टच्या तोंडावर हे निदान झालं. घरात कोणाला असा त्रास असेल, डोळ्यांचा नंबर फार मोठा असेल, खेळताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर सराव थांबवून आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) तपासणी साधी आहे.

१८. समोरचा सेंटर रेफरीची पाठ वळली की कोपर मारतो. उलट मारू?

नाही. बहुतेक वेळा रेफरीला दुसरा फटका दिसतो, आणि तो तुमचा असतो. अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्ती सोडून केलेला) फाउल लागला तर दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही समोरच्यांना. असे दोन झाले की मॅचमधून बाहेर. कॅप्टनला सांगा, त्याने बॉल थांबलेला असताना शांतपणे रेफरीच्या कानावर घालावं. आणि कोपर मारणारा पाय हलवत नाही, म्हणून त्याच्यापुढे जागा आधी घ्या, कोर्टभर पळायला लावा.

१९. थ्री बाय थ्रीमध्येही पाच फाउलला बाहेर जावं लागतं का?

नाही. तिथे, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलमध्ये, वैयक्तिक फाउलच्या संख्येवरून कोणी बाहेर जात नाही, फाउल संघाचे मोजतात. सातव्या, आठव्या आणि नवव्याला दोन फ्री थ्रो, दहाव्यापासून दोन फ्री थ्रो आणि बॉलही. अनस्पोर्ट्समनलाइकचे नियम मात्र तिथेही आहेत. शॉटसाठी १२ सेकंद, सामना १० मिनिटांचा किंवा २१ पॉइंटचा. पोस्टमध्ये सावकाश पाठ लावून खेळायला वेळ नसतो आणि बचावात गार्डसमोर उभं राहावंच लागतं. पाय मंद असलेल्या सेंटरला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुद्दाम थ्री बाय थ्री खेळायला लावतो.